नानांची पुडी

नाना, तुमच्या अंगठ्यांबद्दल लिहायला बसले आहे. तुमचं बाकी काही आठवायचं तर मला डोळे मिटावे लागतात, अंगठ्यांसाठी नाही. रुंद, टोकाला जरा मागे वळलेले, नखं कायम आंबेहळदीनं पिवळी. ओट्यावर कुणीतरी कळवळत बसलेला असायचा आणि तुम्ही त्याच्याशी पाऊसपाण्याचं, त्याच्या बैलाचं, त्याच्या सोयऱ्यांचं बोलत असायचात. बोलता बोलता अंगठा त्याच्या मनगटावरून, घोट्यावरून सावकाश फिरायचा, एका जागी थांबायचा, आणि तो उत्तर द्यायला तोंड उघडतो न उघडतो तोच कट् असा आवाज यायचा. "झालं. ओरडायचं राहिलं का? आता ओरड," असं तुम्ही म्हणायचात आणि डोळ्यांत पाणी आलेला माणूस हसायचा. मग लेप. आंबेहळद, मैदालकडी, रक्तबोळ, चिमूटभर तुरटी, सगळं लोखंडी पळीत खदखदवलेलं. त्यावर एरंडाचं पान, पानावर जुन्या धोतराची पट्टी, हाड मोडलं असेल तर बांबूच्या कामट्या. तो वास घरभर असायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या वह्यांनासुद्धा हळद लागलीय. मला लाज वाटायची. पण संध्याकाळी तो वास नाकात गेल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटायचं नाही.

आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. मखमलाबाद रस्त्याच्या कडेच्या आपल्या वस्तीत कुणाला पत्र आलं, तलाठ्याची नोटीस आली, की लोक मला हाक मारायचे. मी फार्मसीचा डिप्लोमा केला आणि शहरात द्वारका चौकाजवळच्या एका औषधांच्या दुकानात कामाला लागले, तेव्हा तुम्ही ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंत, "आमची पोरगी इंग्रजी औषधाची वैदीण झाली." एकानं चिडवलं, "बाप झाडपाल्याचा अन् लेक गोळ्यांची. नाना, आता घरातच भांडणं तुमच्या." तुम्ही म्हणालात, "भांडण कशाचं? मी हाड बसवतो, ती ताप उतरवती. मधलं दुखणं दोघांचं." मला मात्र त्या दुकानात भीतीच वाटत राहायची. बाटल्या एकसारख्या, नावं एकसारखी. गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत मी दिलेलं औषध मनात पुन्हा तपासायची, एखाद्याला हाक मारून परत बोलवायची, आणि बरोबरच दिलंय हे पाहून पुन्हा पाठवायची. मालक म्हणायचे, "ताई, लोक रोगानं नाही, तुमच्या काळजीनं मरतील."

अंगठे कधी सुजायला लागले ते तुम्ही आम्हाला कळू दिलं नाहीत. कळलं ते चहावरून. तुम्ही कपाचा कान धरायचं सोडलंत, आईकडे वाटी मागायला लागलात आणि ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायला लागलात. "थंडी हाय, हात शेकतो," म्हणालात. श्रावणात कसली थंडी? मग मी बघायला लागले. सकाळी सदऱ्याची बटणं आई लावते. पळी तुम्ही अंगठ्यानं नाही, चार बोटांत अडकवून धरता. निर्गुडीचा पाला उकळून तुम्ही हात त्या पाण्यात बुडवून बसता, रुईची पानं गरम करून बांधता, आपलाच लेप आपल्याच हाताला लावता. एकदा बिब्बा लावलात आणि कातडी फोडांनी भरली. आई म्हणाली, "लोकांना सांगता जपून, अन् सवताला बिब्बा?" तुम्ही नुसते फुंकर घालत राहिलात. तुमच्याजवळ जेवढं होतं तेवढं सगळं तुम्ही करून पाहिलंत, आणि रोज सकाळी सूज तिथंच.

त्यानंतरचा तो दिवस. अंबडच्या कारखान्यातला एक कामगार खांदा धरून आला होता. तुम्ही त्याच्याशी बोलायला लागलात, त्याच्या गावाचं, त्याच्या पाळीचं. अंगठा खांद्यावरून फिरला. पुन्हा फिरला. थांबला नाही. तुमचं बोलणं संपलं तरी तो फिरतच होता, आणि तो माणूस तुमच्या तोंडाकडे बघायला लागला. शेवटी तुम्ही हात काढून घेतलात आणि म्हणालात, "सरकारी दवाखान्यात जा, बाबा. फोटो काढ." असं तुम्ही कुणाला म्हटलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मी दुकानातून आले तर तुम्ही अंगणात माझी वाट बघत बसला होतात. "तुझ्या पुस्तकात," तुम्ही म्हणालात, "अंगठ्याचं काय हाय का?"

हाडांच्या डॉक्टरांनी तुमचे हात उलटसुलट केले आणि संधिवात म्हणून सांगितलं. सूज सांध्याच्या आतली आहे, वरून लावून जाणार नाही. आधी त्यांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी तुमच्या पोटात आग पडली, म्हणून मग ती लहान पांढरी गोळी दिली. स्टिरॉइड. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही दुकानात असता, तुम्हाला ठाऊकच आहे. पण वडील आहेत म्हणून सांगतो. गोळी चांगली आहे आणि वाईटही आहे. उपाशीपोटी नको. मनानं वाढवायची नाही आणि मनानं एकदम बंद तर मुळीच करायची नाही, शरीर त्याशिवाय चालायचं विसरलेलं असतं. चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. गोल व्हायला लागला, गाल लाल झाले, भूक फार वाढली, तर मला सांगा. पोट जळायला लागलं किंवा शौचाला काळं झालं तर सांगू नका, सरळ घेऊन या." मी ते सगळं पाठ केलं. रोज सकाळी मी गोळी तुमच्या तळहातावर ठेवायची, "भाकरी झाल्यावरच हं, नाना," म्हणायची, आणि दाराच्या उजेडात तुमचा चेहरा बघायची. हनुवटीखाली, गालावर, डोळ्यांच्या कडांना. तुम्ही म्हणायचात, "सोयरीक जमवायचीय का माझी? किती बघशील?" जन्मभर तुमच्या घरात राहून मी तुमचा चेहरा इतका पाहिला नव्हता.

सुरुवातीला गुण आला. पहिल्याच आठवड्यात तुम्ही कपाचा कान धरलात. एका लहान मुलीचं कोपर तुम्ही बसवलंत, आणि ती गेल्यावर आपले अंगठे वर करून बघत राहिलात. आणि मग सूज परत आली. पुन्हा वाटी, पुन्हा बटणं. मी घाबरले. डॉक्टरांना जाऊन सांगितलं की गोळी चुकत नाही, माझ्या हातानं देते, तरी फरक नाही. त्यांनी गोळी वाढवून दिली. तरी फरक नाही. चेहरा मात्र होता तसाच, गालफडं बसलेली. मला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटत होतं.

शेजारच्या मळ्यातली अक्का तुमच्याहून मोठी. नवरा गेल्यापासून तीच शेवंती आणि झेंडू बघायची, फुलं खुडून पाटी डोक्यावर घेऊन गंगेवर, नदीच्या घाटाशी, विकायला बसायची. दिवाळीला तुम्हाला ओवाळायची आणि वर्षभर तुम्हाला शिव्या द्यायची. तिचे गुडघे कधीचे गेलेले. उकिडवं बसता येईना, फुलं खुडता येईनात. तुम्ही वर्षानुवर्षं तिचे गुडघे चोळत होतात आणि सुंठ, मेथी, रास्ना यांची पुडी देत होतात. ती म्हणायची, "भाऊ, तुझी पुडी म्हंजी नुसता मसाला. भाजीत टाकली असती तर भाजीला तरी गुण आला असता." त्या दसऱ्याला मात्र अक्कानं सगळा झेंडू स्वतः बसून खुडला. वस्तीत गवगवा झाला. लोक येऊन म्हणायला लागले, नाना, अक्काची पुडी द्या. तुम्ही त्यांना पुडी द्यायचात, पण त्यांना गुण येत नव्हता. "हिला दिली ती नाय ही," ते म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "ज्याची त्याची प्रकृती." एकदा तुम्ही अक्काला सांगताना मी ऐकलं, "उपाशीपोटी घेऊ नको हं. भाकरी झाल्यावरच." सुंठीला कशाला भाकरी, असं क्षणभर मनात आलं. पण बस चुकत होती आणि मी निघाले.

मार्गशीर्षातला रविवार होता. अक्का शेवंतीची पाटी ओट्यावर ठेवून बसली होती. मी आतून चहा घेऊन आले आणि तिच्या हातात कप देताना ऊन तिच्या तोंडावर पडलं. गोल चेहरा. गाल लाल, ताणलेले, चकचकीत. हनुवटी मानेत बुडालेली. मी रोज सकाळी जे शोधत होते ते सगळंच्या सगळं तिथं होतं, फक्त माणूस दुसरा होता. अक्का हसली. "काय बघती ग? सारी वस्ती बघती. सून म्हणती, सासूबाई, बाळसं धरलं तुम्ही. दुसरं लगीन करताय का काय! बांगड्या चढंनात मला." मी विचारलं, "अक्का, भूक लागते का हो फार?" "लागती म्हंजी? दोन भाकरी होत्यात अन् तिसरीकडं हात जातो. सून टोपलं झाकून ठेवती." "आणि पोटात जळतं?" "जरा जळतं बाई. भाऊ म्हणतो, सुंठ गरम असती." तुम्ही कामटी तासत होतात. सुरी थांबली नाही, पण तुम्ही वर पाहिलं नाहीत.

ती गेल्यावर मी तुमच्यासमोर बसले. "नाना, तुमची गोळी तुम्ही घेता का?" तुम्ही कामटी तासत राहिलात. सुरी तुम्ही मुठीत धरली होतीत, अंगठा बाहेर ताठ ठेवून. "तिला इचारलंस ना भूक लागती का," तुम्ही म्हणालात. "मग आता मला कशाला इचारती?" मी म्हणाले, ती तुमच्या नावावरची गोळी आहे. ते औषध विष आहे चुकीच्या माणसाला. तुमचे हात बरे व्हायला दिलं होतं. तुम्ही म्हणालात, "माझे हात घरात बसून दुखत्यात. तिचे गुडघे वावरात दुखत्यात." कामटीवरचा भुसा झटकून म्हणालात, "ती रडत बसली व्हती, पोरी. हितं, तू बसलीस तितं. मी गुडघ्यावर अंगठा ठेवला तर मला काय लागंनाच. सांधा कुठं, वाटी कुठं. तवा तुझी गोळी खिशात व्हती. मला गुण आला, म्हटलं हिला यील." आणि मग समजुतीच्या स्वरात, जणू मीच लहान होते, "बरं, उद्यापासून नाय देत." मी ओरडलेच. "नाही! बंद नका करू! एकदम बंद केली तर ती कोसळेल." सुरी खाली ठेवून तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंत. "देऊ नको म्हणती. बंद करू नको म्हणती. मग करू काय?"

त्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं, दवाखाना. मी त्याच दुपारी अक्काच्या मळ्यात गेले आणि म्हणाले, चला, एकदा डॉक्टरांना दाखवू. ती वाफ्यात उकिडवी बसली होती. मी तिला तशी बसलेली किती वर्षांनी पाहत होते. "आजारी व्हते तवा कुणी नेलं नाय," ती म्हणाली, "अन् आता बरी झाले तर दवाखान्यात नेती व्हय? का भावानं पुडी दिलेली बघवंना तुझ्या दुकानाला?" आणि ती हसली, आणि सून हसली. खरं काय ते सांगावं तर ती पुडी तिथंच मातीत फेकेल, आणि तुमच्याकडे पुन्हा फिरकणार नाही, आणि चार दिवसांत कुठंतरी चक्कर येऊन पडेल. न सांगावं तर रोज तीच गोळी. डॉक्टरांना एकटीनं जाऊन सांगावं तर तुमचं नाव घ्यावं लागणार. मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. "आली बघा दवाखानेवाली," अक्का लांबूनच म्हणायची. आणि सकाळी मी तुमच्या तळहातावर गोळी ठेवत होते. आता मला माहीत होतं ती कुठं जाणार ते. न ठेवून चालणार नव्हतं. तुम्ही मूठ मिटायचात, मी दुसरीकडे बघायची. मागे खलात आई सुंठ कुटत असायची. तिनं एकदाच म्हटलं, "बापलेकीचं काय चाललंय ते मला सांगू नका. मला खोटं बोलता येत नाय." ओट्यावर माणसं बसलेली असायची, "अक्काची पुडी" मागणारी. मला वाटायचं, आपल्या घराला दार आहे पण बाहेर जायला जागा नाही.

संक्रांतीच्या आधी अक्का पुडी न्यायला आली आणि भिंतीला टेकली. "काय झालं?" तुम्ही विचारलंत. "काय नाय. जरा गरगरतं. अन् भाऊ, परसाकडला काळं व्हतंय. डांबरावानी. सुंठच की रे ती?" मी काही बोलायच्या आत तुम्ही उठला होतात. तुम्हाला कधी सांगितलं होतं मी काळ्याचं? दवाखान्यात डॉक्टर माझ्याशी बोलत होते तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात असं मला वाटलं होतं. तुम्ही खुंटीवरची टोपी काढलीत, दोन्ही हातांच्या तळव्यांनी डोक्यावर दाबली आणि म्हणालात, "अक्का, चल. दवाखान्यात जाऊ." ती म्हणाली, "तुझ्या हातासाठी व्हय?" तुम्ही म्हणालात, "व्हय, माझ्या हातासाठी. बरोबर चल नुसती." ती आली. तुमच्यासोबत ती कुठेही आली असती.

दवाखान्याच्या रांगेत तुम्हाला सगळे ओळखत होते. निम्म्या लोकांची हाडं तुम्ही बसवलेली. "काय नाना, तुम्ही हितं?" "हाडवैद्याचंच हाड मोडलं का काय?" कुणीतरी म्हणालं, आणि बाकावरचे हसले. अक्का तेवढ्यातही त्यांच्यावर खेकसली, "हसा! अन् पाय मोडला की या परत ओट्यावर!" तिला बाकावर बसवून तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात, पडली तर धरता यावं असे. आत गेल्यावर डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "यांना स्टिरॉइड कुणी चालू केलं?" मी तोंड उघडलं. पण तुम्ही आधी बोललात. "मी. माझ्या गोळ्या. सुंठीत कुटून दिल्या. पोरीला ठाऊक नव्हतं. कळलं तवा तिनं बंद करू दिल्या नायत, म्हणून बाई आज चालत आली." डॉक्टरांनी तुमचे सुजलेले अंगठे दाबून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे नंतर तुम्ही एकही घेत नव्हता? आणि मी वाढवत होतो." तुम्हाला ते एक वाईट शब्दही बोलले नाहीत. मला म्हणाले, "ताई, गोळी दिली म्हणजे पोटात गेली असं नसतं." मी ते वाक्य अजून रोज ऐकते.

अक्काला ठेवून घेतलं. पोटात जखम झाली होती. तुम्ही तिच्या खाटेजवळ खाली बसला होतात आणि ती छताकडे बघत होती. सगळं तिच्यासमोरच झालं होतं. संध्याकाळी ती पहिल्यांदा बोलली. "भाऊ. म्हंजी तो तुझा हात नव्हता?" "नाय." "गोळी व्हती." "गोळी व्हती." मग ती म्हणाली, "मी गंगेवर सगळ्यांना सांगितलं रे. भावाचा हात, भावाचा हात." तुम्ही म्हणालात, "हात आता नाय राहिला, अक्का. मला हाड लागत नाय." हे तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात, आईलाही नाही. अक्कानं मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. तिच्या त्या गोल, सुजलेल्या तोंडावर मी राग शोधत होते. ती म्हणाली, "मग मला सांगायचं न्हाय व्हय मुडद्या. मी काय हातासाठी येत व्हते?"

घरी आल्यावर अक्काची गोळी थोडी थोडी कमी करायची होती. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे मी ब्लेडनं अर्धी करायची, मग पाव. पण अक्का ती सुनेच्या हातून घेईना, माझ्याही हातून घेईना. "ज्यानं लावली त्यानंच सोडवायची," म्हणायची. रोज सकाळी ती काठी टेकत आपल्या ओट्यावर यायची, तुम्ही उघड्या हातानं तिला तो तुकडा द्यायचात, ती पाण्यासोबत गिळायची आणि मग तुम्हाला शिव्या द्यायला सुरुवात करायची. कारण जसजसा तुकडा लहान होत गेला तसतसे तिचे गुडघे पुन्हा धरायला लागले. शेवंती वाफ्यावर सुकली. सून एकटी किती खुडणार? "बघ, बसता येतंय का मला बघ! आग लागो तुझ्या सुंठीला!" आणि तुम्ही खाली बसून तिचे गुडघे चोळत असायचात, निर्गुडीच्या तेलानं, तळव्याच्या कडेनं, कारण अंगठे चालत नव्हते. दोघांच्याही डोळ्यांत पाणी असायचं. कोण कुणासाठी रडतंय ते मला दारातून कळत नसे. ती बोलत राहायची, तुम्ही चोळत राहायचात. तिला वाचवण्यासाठी आम्ही तिचं दुखणं तिला परत देत होतो, तुकड्या-तुकड्यानं, रोज सकाळी, माझ्याच हातानं कापून. अक्का वाचली. चेहरा उतरला, बांगड्या चढल्या. उकिडवं मात्र तिला पुन्हा बसता आलं नाही.

आणि मला वाटलं होतं तसं झालंच नाही, नाना. मला वाटलं होतं लोक यायचे बंद होतील. पुडीत गोळी होती हे वस्तीभर झालं, मळ्यांमध्ये झालं, अंबडपर्यंत गेलं, आणि लोक दुपटीनं आले. "नाना, मला ती गोळीवाली द्या." "काय व्हायचं ते होऊ द्या, आठ दिवस चालता तर येईल." लग्न आलंय, पेरणी आलीय, कामावर खाडा होतोय. तुम्ही नाही म्हणायचात. ते पाया पडायचे. तुम्हाला दुखणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. शेवटी तुम्ही आत बसायला लागलात. दिवसाढवळ्या दाराला आतून कडी. आपलं दार दिवसा लागलेलं वस्तीनं कधी पाहिलं नव्हतं. बाहेर कुणी हाक मारली की आई म्हणायची, "नाय त्ये घरात," आणि तुम्ही खाटेवर हात मांडीवर ठेवून बसलेले असायचात, श्वाससुद्धा हळू घेत. आईला खोटं बोलायला लागलं ते तेव्हा. आता तुम्ही गोळी घ्यायचात. माझ्यासमोर घ्यायचात, आणि तोंड उघडून दाखवायचात, मी मागितलं नव्हतं तरी. आणि सूज उतरली. उन्हाळ्यापर्यंत तुमचे अंगठे पूर्वीसारखे झाले, वाकायला लागले. बटणं तुम्ही लावायला लागलात. एकदा मी आतल्या खोलीत आले तर तुम्ही आपल्याच मनगटावर अंगठा फिरवत होतात, थांबवत होतात, पुन्हा फिरवत होतात. मला बघून हात खाली केलात. बाहेर कुणीतरी कडी वाजवत होतं.

पुढच्या थंडीत छातीत कळ येऊन तुम्ही गेलात. अक्का तुमच्या पायाशी बसली होती, पाय पुढे पसरून, आणि तिनं तुम्हाला एकही शिवी दिली नाही. तेवढ्यावरून मला कळलं की तुम्ही खरंच गेलात.

त्याला आता बरीच वर्षं झाली. एक गोष्ट मी अजून सोडवू शकले नाही. तुम्ही ते अक्कासाठी केलंत, की तुमचा हात गेला हे कुणाला कळू नये म्हणून? कधी एक वाटतं, कधी दुसरं. दोन्ही असेल. मी दुकानात विचार करते, बसमध्ये करते, भाकऱ्या थापताना करते, आणि त्यातून बाहेर पडता येत नाही. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं, मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं झालं नसतं.

मालक आता थकले, दुकान बहुतेक मीच बघते. लोक मला कडक म्हणतात. चिठ्ठीशिवाय ही बाई दुखण्याची गोळी देत नाही, असा माझा लौकिक आहे, आणि तो खरा आहे. रोज कुणी ना कुणी काउंटरवर हात टेकून उभं राहतं, गुडघे, कंबर, बोटं, आणि ती पांढरी गोळी मागतं. मी चिठ्ठी मागते. बहुतेक जुनी, मुदत संपलेली असते; ती मी नीट वाचते, पुन्हा वाचते. लोकांना वाटतं, किती काळजीपूर्वक वाचते. एवढंच सांगायचं होतं, नाना. मी चिठ्ठीकडे बघते, कारण वर पाहिलं तर मी देऊन टाकीन.